काळ्या भाताचे डोहाळे

“फोनात तर इथंच दाखवतंय, आई,” धैर्यशील म्हणाला.

मी मान वर करून पाटी बघितली. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण काचेच्या आत मोबाइलची कव्हरं टांगलेली दिसत होती. लाल, निळी, चकचकीत. दारात एक माणूस स्टुलावर बसून जांभया देत होता.

“भात कुठाय?”

“हाटेल बंद पडलं वाटतं. फोनात अजून तसंच राहिलंय.”

“मग फोनातच जेवायला घाल बायकोला.”

त्यानं पुन्हा फोनात डोकं घातलं. माझ्या पोराचं नाव धैर्यशील. नाव ठेवताना माणसाला काय कळतंय, पोर मोठेपणी कसं निघणार ते.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. न्यूयॉर्कातलं ब्रुकलिन म्हणून गाव, तिथं मी सुनेच्या बाळंतपणाला गेले होते. गाव कसलं, आमची इचलकरंजी त्याच्या एका बोळात मावली असती. सुनेचं नाव नादेज. दवाखान्यात नर्स. तिची माणसं हैती बेटावरची. ते बेट मला पोरानं नकाशात दाखवलं तेव्हा हरभऱ्याच्या डाळीएवढं दिसलं. पोरगी उंच, काळीभोर, देखणी, आणि स्वभावानं माझ्यासारखीच, म्हणजे कुणाचं ऐकणारी नव्हे. तिला पाचवा लागला होता आणि ओकाऱ्या काही थांबत नव्हत्या.

मी गेले त्या दिवसापासून पदर खोचून उभी. मऊ भात केला, मेतकूट कालवलं, ताकाची कढी केली, आमसुलाचं सार केलं. ती ताट घ्यायची, नाकापर्यंत न्यायची आणि खाली ठेवायची. “नको, आई.” माझ्या पोरानं मराठीतले एवढेच दोन शब्द तिला नीट शिकवले होते.

आता मी कोण, तर इचलकरंजीत स्टँडच्या मागं आक्काची खानावळ म्हणून कुणालाही विचारा. लूमवरच्या कामगारांना मी आयुष्यभर जेवू घातलं. बिहारी आला, कानडी आला, सोलापूरचा तेलुगू आला, सगळे बोटं चाटून उठले. चौथी शिकलेली बाई मी, पण ताटात काय टाकलंय त्यावरून माणसाच्या घरात काय चाललंय ते मी सांगायची. आणि इथं माझी स्वतःची सून ताट परत पाठवते आणि मला त्याचा अर्थ लागत नाही. रागानं माझी झोप उडाली होती. डॉक्टरीणबाईनं सांगून ठेवलेलं, पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलं तर भरती करून सलाइन लावणार.

शेवटी रविवारी मी तिला समोर बसवलं आणि पोराला म्हटलं, “विचार तिला, डोहाळे कसले लागलेत.”

डोहाळ्याला इंग्रजी शब्द पोराला सुचेना. पोरगा बराच वेळ हात हलवून समजावत बसला. ती भिंतीकडं बघत राहिली. मग हळू काहीतरी बोलली.

“काळा भात म्हणतीय,” धैर्यशील म्हणाला. “तिकडं एक काळी अळंबी होते. ती वाळवून ठेवतात, मग भिजवून उकळतात आणि त्या काळ्या पाण्यात भात शिजवतात.”

आमच्याकडं गरोदर बाईला हिरवं नेसवतात, हिरवा चुडा भरतात. आणि हिला काळं पाहिजे. पण डोहाळे ते डोहाळे. पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात.

“एवढंच ना? उद्या आणू,” मी म्हटलं. “एवढ्या मोठ्या शहरात काळा भात मिळत नाही होय?”

तेव्हा ती नवऱ्याला आणखी काहीतरी बोलली, जरा कडक आवाजात. त्यानं मान हलवली. काय म्हणाली विचारलं तर म्हणाला, “काही नाही, सावकाश जा म्हणतीय.” मला तेव्हाच कळायला हवं होतं. सावकाश जा असं कुणी डोळे वटारून सांगत नाही.

तर सोमवारी ही वरात निघाली. सोमवार माझा उपवासाचा. नवरा गेल्यापासून एक सोमवार मोडला नव्हता, तापानं फणफणलेली असतानाही नाही. तेव्हा मी नुसत्या चहावर, पायात पोराचे बूट, अंगात त्याचाच स्वेटर, अशी त्या मोबाइलच्या दुकानासमोर उभी.

दुसरं हाटेल मात्र होतं. आत गेलो तर तळणीचा घमघमाट. काउंटरवर एक जाडजूड बाई, डोक्याला पिवळा रुमाल. तिच्यापुढं भाताचं मोठं भांडं, पण भात तांबडा, घेवड्याचा.

“काळा फक्त रविवारी,” पोरानं मला सांगितलं.

“काल रविवारच होता की. काल का नाही आणलंस?”

“काल तू विचारलंस तेव्हा संध्याकाळ झाली होती, आई.”

“म्हणजे चूक माझी.”

ती बाई आमच्याकडं टकामका बघत होती. पोरानं तिला बायको गरोदर असल्याचं सांगितलं असणार, कारण ती एकदम हसली, पोटावरून हात फिरवला आणि रस्त्याच्या पलीकडं बोट करून भराभरा बोलली. त्यात “तांत मिरेय” असं काहीतरी दोनदा आलं. पोरगा “थँक यू, थँक यू” करत मला दाराबाहेर घेऊन आला.

“काय म्हणाली?”

“काही नाही. शुभेच्छा दिल्या.”

तिसऱ्या हाटेलात काळा भात मिळाला. एक टक्कल पडलेला म्हातारा होता, त्यानं डबा भरून दिला. तोही जाता जाता तेच म्हणाला, तांत मिरेय, आणि तसंच बोट केलं. मी पोराकडं बघितलं. तो डब्याला रबर लावण्यात गुंतला होता.

घरी आलो. नादेज पलंगावरून उठून टेबलाशी आली, डबा उघडला, वास घेतला आणि झाकण परत लावलं. तोंडावर हात धरून ती बेसिनकडं गेली.

“आता काय झालं?” मी विचारलं.

धैर्यशील तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. “ह्यात खरी अळंबी नाही म्हणतीय. बाजारात वडी मिळते त्याची. ती विरघळवून रंग आणतात.”

“मग खरी कोण घालतं?”

त्यानं तिला विचारलंसुद्धा नाही. “बघतो फोनात,” म्हणाला.

नादेज भिंतीला टेकून उभी होती. गळ्याची हाडं वर आली होती, हातातलं कडं कोपरापर्यंत सरकत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि “सॉरी, आई” म्हणाली. मला भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना म्हणून मी पोराला म्हटलं, “चल, काढ गाडी.”

गाडीत बसल्यावर पट्टा लावायच्या आधीच मी विचारलं, “तांत मिरेय कोण?”

“कोण?”

“दोन ठिकाणी दोघांनी नाव घेतलं. माझ्या कानात दडे नाहीत बसले.”

“असेल एखादं हाटेल.”

“मग तिकडं चल.”

“ते सोमवारी बंद असतं, आई.”

मी पट्टा लावला. त्याला गाडी चालू करू दिली. मग म्हटलं, “बंद पडून मोबाइलचं दुकान झालेलं हाटेल तुला ठाऊक नाही. काळा भात रविवारी करतात ते ठाऊक नाही. आणि हे एक सोमवारी बंद असतं ते बरं ठाऊक आहे.”

गाडी तिथंच उभी राहिली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं.

“तांत म्हणजे मावशी. ती नादेजची मावशी आहे,” तो म्हणाला. “आई वारल्यावर तिनंच हिला सांभाळलं. आता बोलणं नाही. दोन वर्षं झाली. नादेजनं बजावलंय, कुठंही जा, पण तिथं जायचं नाही.”

“कशावरून बिनसलं?”

“मोठी गोष्ट आहे.”

“मोठी गोष्ट मला ती मावशीच सांगेल. वळव गाडी.”

“आई, ती फार तोंडाळ बाई आहे.”

“मग मला घरच्यासारखं वाटेल.”

हाटेल लहानसंच होतं. शटर अर्धं ओढलेलं, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. आत एक बाई फरशी पुसत होती. माझ्याच वयाची, वाळकी, ताठ, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. मी शटरखालून वाकून आत शिरले. ती काहीतरी बोलली, बंद आहे म्हणाली असणार. मग माझ्या मागून धैर्यशील आत आला आणि तिच्या हातातलं फडकं बादलीत पडलं.

मग ती जे सुरू झाली. एक अक्षर मला कळलं नाही, पण अशी बोली मला ओळखू येते. मी स्वतः स्टँडवर भाजीवाल्यांशी तशीच बोलले आहे. मी एक खुर्ची टेबलावरून खाली घेतली, सरळ केली आणि बसले. ते बघून ती थांबली.

“सांग तिला, मी तुझी आई. आणि विचार, तू तिचं काय बिघडवलंस.”

“आई, जाऊ दे ना.”

“विचार.”

त्यानं विचारलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश, एकेक वाक्य तोडून बोलली. पोरगा खाली बघून मला सांगत गेला.

“लग्नाआधी तिनं मला जेवायला बोलावलं होतं. सगळ्यांना. सुट्टीचा दिवस म्हणून सोमवारी. दोन दिवस खपून केलं म्हणतीय. काळा भात, मासे, तळलेली केळी, सगळं.”

“मग?”

“मी जेवलो नाही.”

“का?”

“माझे तेव्हा सोळा सोमवार चालू होते. नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून धरले होते.”

“मग तसं सांगायचं.”

“सगळी माणसं बसली होती, आई. शिकलेला माणूस नोकरीसाठी उपवास धरतो म्हटलं असतं तर हसली असती. मी भूक नाही म्हणालो. नादेजलाही खरं सांगितलं नाही. पाण्याचा ग्लास घेऊन बसलो.”

“किती वेळ?”

“शेवटपर्यंत.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “आणि केळी होती म्हणालास ना? तळलेली केळी?”

“हो.”

“अरे गाढवा, केळं उपवासाला चालतं. एक केळं उचलून तोंडात घातलं असतंस तर काय महादेव खाली उतरून आला असता?”

त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन वर्षं ह्या माणसानं बायकोचं माहेर तोडून ठेवलं आणि केळं चालतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मावशी परत काहीतरी बोलली. ह्या वेळी आवाज खाली आला होता. धैर्यशीलनं ऐकलं आणि तोंड फिरवलं.

“काय म्हणाली?”

“नको, आई.”

“सांग.”

“म्हणाली,” तो बादलीकडं बघत म्हणाला, “म्हणाली, मला वाटलं माझा हात काळा आहे म्हणून ह्याला माझ्या हातचं जेवण चालत नाही. नादेजला तिनं तेच सांगितलं. तेव्हा नादेज माझी बाजू घेऊन तिच्याशी भांडली.”

मी इतके दिवस एका पोरीनं ताट खाली ठेवलं म्हणून तळमळत होते. ती तर पोटुशी, तिला ओकाऱ्या. आणि ह्या बाईच्या पुढं एक धडधाकट गडी सगळ्या पाहुण्यांदेखत हात आखडून बसला होता. मी तिच्या जागी असते तर ते भांडंच ह्याच्या डोक्यावर उपडं केलं असतं.

“तिला सगळं सांग,” मी म्हटलं. “सोमवार, महादेव, नोकरी, सगळं. लाजू नकोस. आता लाजून काय राहिलंय.”

त्यानं सांगितलं. ती हाताची घडी घालून ऐकत होती. तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. तो थांबल्यावर ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली ती एक थाळी घेऊन, तिच्या स्वतःच्या दुपारच्या जेवणातली असणार. घेवड्याचा तांबडा भात, तळलेली केळी आणि बाजूला चिरलेल्या कोबीचं काहीतरी आंबट-तिखट. ती थाळी तिनं माझ्यापुढं ठेवली, समोर खुर्ची ओढली आणि बसली. चष्मा डोळ्यावर चढवला.

“आई,” धैर्यशील कानाशी कुजबुजला, “आज सोमवार आहे. मी सांगतो तिला. केळीच तेवढी खा.”

“बस खाली.”

केळी खाऊन मी सुटले असते, खोटं कशाला बोलू. उपवासही राहिला असता. पण ती बाई केळ्याकडं बघत नव्हती, माझ्या हाताकडं बघत होती. खानावळीत नवा माणूस पहिला घास घेतो तेव्हा मी तशीच बघायची. मी मनात महादेवाला म्हटलं, इतके सोमवार मी तुझं ऐकलं, आज तू माझं ऐक. आणि भातात हात घातला.

भात चांगला होता. लवंग जरा जास्त झाली होती. कोबी तोंडात घातला आणि डोक्याच्या शेंडीपर्यंत मुंग्या आल्या. कसली मिरची होती देव जाणे, आमची लवंगी तिच्यापुढं लेकरू. डोळ्यांत पाणी येत होतं, पण त्या बाईसमोर पदर डोळ्याला लावायचा नाही असं मी ठरवलं आणि आणखी एक घास कोबीचाच घेतला. तिची भुवई जराशी वर गेली. मी थाळी पुसून खाल्ली. शीत ठेवलं नाही.

मग हात धुऊन आले आणि पोराला म्हटलं, “आता नीट सांग हिला. मी भात मागायला आलेले नाही. आमच्यात पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी असतं. हिची आई नाही. पोरगी वाळून काटकी झालीय, माझ्या हातचं तिच्या पोटात ठरत नाही. आमच्यात म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. हे सांग.”

“आई, हे असं सांगता येणार नाही. इंग्रजीत फार वाईट वाटेल. नादेजची आई खरंच—”

“मी म्हटलं तसंच सांग. तुझी अक्कल मध्ये घालू नकोस.”

त्यानं सांगितलं. बिचकत, थांबत, पण सांगितलं. मावशी हललीच नाही. मला वाटलं, पोरगा म्हणत होता तेच खरं, आता ही उठून माझ्या झिंज्या धरते. तिनं चष्मा काढला, झग्याच्या टोकानं काचा पुसल्या, पुन्हा घातला. पुन्हा काढला. मग माझ्याकडं न बघताच पोराला काहीतरी विचारलं.

“कितवा महिना विचारतीय.”

मी तिला पाच बोटं दाखवली.

ती उठली. वरच्या फळीवरचा एक डबा काढला, झाकण उघडून माझ्या नाकाशी धरला. आत वाळलेली बारीक काळी अळंबी होती, वास मातीचा आणि धुराचा. तिनं मूठभर काढली, मग माझ्याकडं बघितलं, आणि आणखी एक मूठ काढली. पाणी उकळायला ठेवलं. ते पाणी बघता बघता काळं झालं, अमावस्येसारखं. तिनं मला लसूण सोलायला दिला. मी सोलून ठेचला. तिनं माझ्या हातातला लसूण घेऊन परत स्वतः ठेचला, कारण मी ठेचलेला तिला पसंत पडला नाही. मी ठेचू दिला. तिचं हाटेल होतं.

भात शिजल्यावर भांडं फडक्यात गुंडाळून ती गाडीत मागं बसली, मांडीवर घेऊन. वाटभर ती धैर्यशीलला बोलत होती. मी विचारलं, काय म्हणतीय. तो म्हणाला, “गाडी नीट चालवत नाही म्हणतीय.” मी म्हटलं, “खरं आहे तिचं.”

दार नादेजनं उघडलं. मावशीला बघून ती तशीच उभी राहिली, दाराची कडी हातात. मावशीनं तिला वरून खालपर्यंत बघितलं. भांडं माझ्या हातात दिलं, पुढं झाली आणि पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, जनावर विकत घेताना बघतात तसं. मग तिच्या भाषेत काहीतरी बोलली. ती शिवी होती की लाड, मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. नादेज रडायला लागली आणि मावशी तिला आणखी रागावली.

आम्ही तिला टेबलाशी बसवलं. मी ताटलीत भात वाढला. आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या. तिनं चमचा उचलला, वास घेतला, थांबली. तिनं चमचा खाली ठेवला आणि काहीतरी म्हटलं.

“दोघी अशा डोक्यावर उभ्या राहू नका म्हणतीय,” धैर्यशील म्हणाला. “स्वयंपाकघरात जा.”

गेलो. दार लोटून घेतलं. भांडं ओट्यावर ठेवलं. मावशी फ्रीजला टेकली, मी बेसिनला. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. बोलण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही ऐकत होतो. बाहेर बराच वेळ काही आवाज नाही. मग चमचा ताटलीला लागला. मग थांबला. मावशीनं डोळे मिटले. चमचा परत लागला. मग लागतच राहिला, आणि थोड्या वेळानं ताटलीचा तळ खरवडल्याचा आवाज आला. तो आवाज खानावळ चालवणाऱ्या बाईला झोपेतसुद्धा ओळखू येतो. मावशीनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

बाहेरून नादेजनं हाक मारली. मावशीचं नाव घेऊन, आणि पुढं एक शब्द. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. आणखी पाहिजे होता.

मावशी भातवाढी घ्यायला पुढं झाली. भातवाढी माझ्या हातात होती. तिनं हात पुढं केला. मी दिली नाही. ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, “तू शिजवलंस ना? माझ्या लेकाच्या घरात वाढणार मी.”

तिला काय कळलं कुणास ठाऊक. तिनं नाकानं आवाज केला, भांड्यावरचं झाकण उचललं आणि ते हातात धरून बाजूला उभी राहिली. मी खालपर्यंत हात घातला आणि तळाची खरवड धरून चांगला दोन माणसांचा भात घेऊन बाहेर गेले.